आभाळ दोन अष्टमांश

निवृत्त झाल्यावर माणसाने काहीतरी छंद लावून घ्यावा म्हणतात. माझ्या बरोबरीच्या मंडळींनी भजनी मंडळ, बुद्धिबळ, सुनेच्या स्वयंपाकावर देखरेख असे रास्त छंद धरले. मी हवामान धरलं. तेही वाईत, आणि तेही नेमकं फाल्गुनात.

दोष जावयाचा. त्याने साठीला शाल दिली असती तर मी तिची घडी करून कपाटात ठेवली असती आणि आज सुखात असतो. त्याने दिला प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक आणि यू आकाराचा कमाल-किमान तापमापक. ३१ वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाच्या हातात असल्या वस्तू द्यायच्या म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

तापमापक भिंतीला खिळा ठोकून टांगला की झालं, असं तुम्हाला वाटेल. तसं केलं तर तो हवेचं नाही, भिंतीचं तापमान सांगतो. त्याला सावली हवी आणि वाराही हवा. त्यासाठी चारी बाजूंनी झडपा असलेली पांढरी लाकडी पेटी लागते. स्टीव्हन्सन नावाच्या, दीपगृहं बांधणाऱ्या एका स्कॉटिश इंजिनिअरने ती शोधून काढली. आपल्याकडे तिचं दार उत्तरेला असावं लागतं, म्हणजे उघडताना आत ऊन शिरत नाही. हे मी सुताराला सांगितलं.

"उत्तरेला? सर, पूर्वेला ठेवू की. वास्तूला बरं असतंय."

"अरे, यात कुणी राहायला जाणार नाहीये."

"मग एवढ्या खिडक्या कशाला?"

पेटी खरं म्हणजे मोकळ्या जागी, गवतावर उभी करायची. पण आमच्या आळीत गवत दिसतं ते गाईच्या तोंडातच, म्हणून ती गच्चीवर गेली. तिसऱ्या दिवशी एक बाई बरणी घेऊन दारात हजर. "अर्धा किलो द्या. ओळखीत काय भाव लावताय?" महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली मधाचं गाव झालं, तेव्हापासून आमच्या भागात कुठल्याही लाकडी पेटीत मधमाश्याच असतात. मी त्यांना गच्चीवर नेऊन तापमापक दाखवला. त्यांनी तो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि बरणीला झाकण लावून निघून गेल्या.

नोंद घ्यायची सकाळी साडेआठला. हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतं, म्हणून मीही. पण साडेआठ ही संसारी माणसाची वेळच नव्हे. नळ तेव्हाच येतो, घंटागाडी तेव्हाच येते आणि "अहो, जरा खाली या" ही हाकही तेव्हाच येते. शिवाय तापमापकाच्या नळीतल्या खुणा रोज लोहचुंबकाने ओढून पाऱ्यावर आणाव्या लागतात. तो लोहचुंबक नातवाने फ्रिजला लावला, त्यामुळे चार दिवस आमचं कमाल तापमान हललंच नाही.

आता फाल्गुन. पहाटे १४ अंश, दुपारी ३६. म्हणजे दूध आणायला स्वेटर आणि ताक प्यायला बनियन. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते, हे मी कट्ट्यावर सविस्तर समजावून सांगितलं. "होळी पेटली की थंडी पळती," एकाने पाच शब्दांत आटोपलं आणि सगळ्यांना ते पटलं.

त्यात मोबाईल. समोरच्या पोराने तो माझ्या नाकासमोर धरला. "सर, ह्यात तेहतीस दाखवतंय. तुमचं तीन अंशांनी चुकलंय." मी म्हणालो, "बाळा, वाई सातशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास. हजार मीटर चढलं की तापमान सहा-साडेसहा अंश उतरतं. तुझा फोन बहुतेक पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात दत्त मंदिराच्या वळणावर उभा आहे." पोराने फोन दोनदा हलवून बघितला.

पण खरा जाच वेगळाच. नोंद असते झालेल्या हवेची, आणि गावाला हवी असते होणाऱ्या हवेची. आळीत माझं नाव 'वेधशाळा' पडल्यापासून काल किती तापलं हे मला एकानेही विचारलेलं नाही. बावधनच्या बगाडाच्या यात्रेला रंगपंचमीला जाणारे विचारतात, ऊन कसं राहील? मंगल कार्यालयवाला विचारतो, मांडव ताडपत्रीचा घालू का कापडी? हळदवाले तर घरीच येतात. इथे हळद काढली की शिजवतात आणि मग पंधरवडाभर उन्हात वाळत घालतात. त्या पंधरवड्यात शेतकऱ्याचं निम्मं लक्ष हळदीवर आणि निम्मं आभाळावर. "सर, ते मिलिमीटर राहू द्या. दोन दिस कोरडं जातंय का न्हाई, तेवढं सांगा." मी पश्चिमेकडून ढग-पाऊस आणणाऱ्या पश्चिमी विक्षोभापासून सुरुवात केली, तर ते म्हणाले, "म्हंजे झाकून ठेवू?" शेवटी मी झाकून ठेवा म्हणालो. आठ दिवस कडक ऊन पडलं. आता ते दुसऱ्या रस्त्याने जातात.

घरात मात्र माझ्या शास्त्रावर अजून विश्वास होता. एका सकाळी हिने विचारलं, "आज कुरडया घालू का?" कुरडया म्हणजे काय प्रकरण असतं ते ज्याने घरात बघितलंय त्यालाच माहीत. तीन दिवस रोज पाणी बदलत गहू भिजवायचे, वाटायचे, चीक गाळून रात्रभर निवळत ठेवायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि हात भाजत सोऱ्यातून पाडायचा. एवढं सगळं होऊन चीक चुलीवर रटरटत असताना ती विचारत होती. मी गच्चीवर गेलो. ढग मोजताना आभाळाचे आठ भाग कल्पून त्यातले किती झाकलेत ते लिहितात.

"दोन अष्टमांश. वारा शांत. घाल बिनधास्त."

"आभाळाचे आठ भाग करता येतात," ती म्हणाली, "आणि कलिंगडाचे चार सारखे करता येत नाहीत."

दुपारी चारला पांडवगडाच्या बाजूने काळं आलं. मोजायला जावं तर आठही अष्टमांश भरलेले. मग धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, मग हरभऱ्याएवढी गार. (या पावसाला वळीव म्हणायचं का अवकाळी, हा वाद मी माझ्यापुरता मिटवलाय. गच्चीवर वाळवण नसेल तर वळीव, असेल तर अवकाळी.) हिची हाक आली, "अहो, पळा!" मी पळालो. वयाच्या मानाने चांगलाच पळालो. गच्चीवर पोचलो आणि थेट पर्जन्यमापकापाशी गेलो, कारण मोसमातला पहिला पाऊस होता आणि नरसाळं नीट बसलंय की नाही याची मला काळजी होती.

नरसाळं नीट बसलं होतं. त्यात एक कुरडई बसली होती. प्लॅस्टिकचा कागद वाऱ्याने उलटून तीच काय ती उडाली होती. बाकीच्या जागेवरच परत चीक होऊन पन्हाळीकडे निघाल्या होत्या. नरसाळ्यातली मात्र तोंडाशी घट्ट चिकटलेली, वर पाणी तुंबलेलं, आणि खाली मोजनळीत जेमतेम दोन मिलिमीटर. म्हणजे हाही आकडा बाद. मी ती नखाने अलगद सोडवत होतो, तेव्हा मागे बायको उभी होती. ती काही बोलली नाही. तिच्या हातात रिकामं ताट होतं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला वही उघडली. कालच्या तारखेसमोर पावसाचा रकाना मी कोराच ठेवला होता. शेऱ्याच्या रकान्यात तिच्या अक्षरात लिहिलं होतं: "गहू ३ किलो. सगळे गेले. निरीक्षक जागेवर हजर होते."