मावशी, तो मेसेज खोटा आहे

माझ्या मावशीने कोंढव्यातला फ्लॅट एका टांझानियन मुलीला भाड्याने द्यायचं कबूल केलं होतं. मुलगी इथे एम.एस्सी. करतेय. काल मावशीने फोन करून तिला नाही सांगितलं. का, तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला : 'आफ्रिकन भाडेकरू ठेवू नका. हे लोक माणसं खातात, ड्रग्ज विकतात, शिक्षणाच्या नावाखाली आपल्या पैशावर राहतात. आपला त्यांचा संबंधच काय?' मावशीने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तिलाही हे पटावं, याचा मला राग आलाय.

माणसं खातात म्हणे. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात हीच आवई उठली होती. बारावीतला एक मुलगा घरी आला नाही, तर शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला खाल्लं असं लोक बोलू लागले. त्यांच्या घरात घुसून फ्रीज उघडून पाहिला. मुलगा दुसऱ्या दिवशी जिवंत परतला. पुढे रुग्णालयात दगावला, ते दुःख खरंच आहे. पण ज्याला खाल्लं म्हणत होते तो घरी येऊनही अफवा थांबली नाही. पाच नायजेरियन पकडले गेले, पुराव्याअभावी सुटले. त्यानंतर जमावाने एका मॉलमध्ये आफ्रिकन मुलांना गाठून खुर्च्यांनी, कचराकुंड्यांनी मारलं. त्यांचा गुन्हा एवढाच की ती तिथे होती. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या मारहाणीचा व्हिडिओ पाहावा.

ड्रग्जचं म्हणाल, तर काही नायजेरियन अशा गुन्ह्यांत पकडले गेलेत, हे मी नाकारत नाही. त्याच गुन्ह्यांत आपलेही लोक पकडले जातात. म्हणून मराठी मुलांना घर नाकारता का? करारनामा करा, पासपोर्ट-व्हिसा तपासा, पोलिसांना कळवा. घरमालकाने तेवढं करायचंच असतं.

आपल्या पैशावर? सरकारी शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या निवडक मुलांना मिळतात. बाकीचे आपल्या मुलांपेक्षा जास्त फी भरतात, वर भाडं आणि मेस.

आणि संबंध काय, हे पुण्यात बसून विचारायचं? नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले ओबासांजो १९६५ मध्ये पुण्यात लष्करी अभियांत्रिकी शिकले. फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहात मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने अंथरुणाला खिळला होता आणि एक मुलगी खिडकीतून त्याला जेवण देत होती. ते पाहून तिथले प्राध्यापक शां. ब. मुजुमदार सरांना परदेशी विद्यार्थ्यांच्या एकटेपणाची जाणीव झाली आणि १९७१ मध्ये सिम्बायोसिस ही शिक्षणसंस्था उभी राहिली. त्याही आधीचं हवं असेल तर मलिक अंबर घ्या. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा कारभारी झाला. आजच्या छत्रपती संभाजीनगरचं मूळ गाव खडकी, तिथे त्याने शहर वसवलं आणि नहरीने पाणी आणलं. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. मावशी, हा धडा तूच मला शिकवला होतास.

त्या मुलीला एक तारखेच्या आत खोली हवी आहे. तिचा नंबर तुझ्याकडे आहे. आजच फोन कर. जेवायलाही बोलाव, चपाती तिला नवी नाही, स्वाहिलीतही चपातीच म्हणतात.