‘बारा दिवस उशीर’ या रिव्ह्यूला रेवदंड्याच्या आमच्या बोट वर्कशॉपचं उत्तर

आदरणीय सर,

आपला रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात. बावीस फुटी जुनी शिडाची बोट आमच्याकडून घेतली, ती कबूल केलेल्या तारखेपेक्षा बारा दिवस उशिरा मिळाली, दुसऱ्याच महिन्यात फळीखाली पाणी आलं, इंजिन दोनदा बंद पडलं आणि आता डोलकाठीच्या तारांचे अडतीस हजार मागतायत, असं आपण लिहिलंत. शेवटी लिहिलंत, ‘कोकणातल्या माणसाला वेळेची किंमत नाही.’

आधी पाण्याबद्दल. ती चूक आमची, माफ करा. कॉकपिटमधलं, म्हणजे बोटीत बसायच्या खोलगट जागेतलं, पाणी बाहेर सोडणारा रबरी पाइप पाण्याच्या रेषेखाली जोडलेला असतो, तिथे दोन क्लिपा लागतात. आम्ही एकच लावली होती. आपला फोन आला त्याच संध्याकाळी मी मोटरसायकलवरून मांडव्याला आपल्या बोटीवर आलो, फळी उचलली, चार बोटं पाणी होतं. हाताचं बोट त्यात बुडवून जिभेला लावलं, खारट लागलं. गोडं असतं तर वरून कुठून तरी आलं म्हणायचं, खारं म्हणजे खालूनच. तासाभरात नव्या दोन स्टीलच्या क्लिपा घट्ट केल्या. पैसे घेतले नाहीत, घेणारही नाही.

पण बारा दिवसांचं मला लिहिलंच पाहिजे. माझ्याकडे चार पोरं कामाला आहेत आणि आमचा सीझन ऑक्टोबर ते मे एवढाच. आपला रिव्ह्यू आल्यापासून दोघांनी फोनवर विचारलं, ‘तारीख पाळता ना?’ तिसऱ्याने वीस हजारांचा ॲडव्हान्स परत घेतला.

बोट त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला, सोमवारी, पाण्यात सोडायची ठरली होती. ती तारीख मी आपल्या सोयीने काढली नव्हती, उधाण बघून काढली होती. आमचा स्लिपवे, म्हणजे बोट पाण्यात सोडायचा उतार, खाडीत उतरतो. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला त्याच्या टोकाला सात फूट पाणी चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी, भरती असते, तेव्हा जेमतेम तीन. आपल्या बोटीचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, साडेतीन फूट खोल, त्याखाली ट्रॉलीची उंची सव्वा फूट. म्हणजे पाच फूट पाणी असल्याशिवाय बोट ट्रॉलीवरून उचलली जात नाही. जबरदस्तीने ढकलली तर पठाण ट्रॉलीच्या कडेवर आपटतो, आणि फायबरच्या बोटीत पठाणाचे बोल्ट जिथे बसतात तिथे गेलेली चीर वरून दिसत नाही. दोन वर्षांनी दिसते, आणि तेव्हा घेणारा माणूस माझ्या नावाने ओरडतो.

पौर्णिमेच्या तीन दिवस आधी, द्वादशीला, आपला फोन आला की तळाचा रंग लाल नको, निळा हवा. लाल रंग आणून ठेवला होता. निळा मुंबईहून प्रतिपदेला आला. तळाचा रंग हा भिंतीचा रंग नव्हे सर. कालवं-शिंपली चिकटू नयेत म्हणून त्यात तांबं असतं, दोन हात द्यावे लागतात, मध्ये एक रात्र सुकायला. घाई केली तर पहिल्याच महिन्यात पापुद्रे निघतात. तृतीयेला संध्याकाळी दुसरा हात सुकला. आपला फोन आला तेव्हाच मी स्पष्ट म्हणायला हवं होतं की रंग बदलला तर सोमवार जाईल. मी ‘बघतो’ म्हणालो. सोमवारची आपली सुट्टी वाया गेली, ती माझ्या त्या एका शब्दामुळे. याबद्दलही माफी मागतो.

पण मी लगेच कळवलं होतं, मेसेज अजून आहे: ‘बुधवारी चतुर्थी आहे, दुपारी तीनला पूर्ण भरती, पाणी पुरेल, या.’ आमच्याकडे लहान पोरालाही हिशेब येतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चार तिथी म्हणजे तीन वाजता. आपण उत्तर दिलंत की परत सुट्टी मिळणार नाही, शनिवारीच येतो. मी फोन करून सांगितलं, शनिवारी सप्तमी आहे, बोट उतरणार नाही. आपण म्हणालात, ‘ते तुमचं बघा.’

शनिवारी आपण सकाळी अकराला आलात. सोबत घरची मंडळी, हार, नारळ, पेढे. खाडीत त्या वेळी नुसता चिखल होता, आमच्या शेजारची होडी कुशीवर पडलेली आपण पाहिलीत. मी हात जोडून म्हटलं, सव्वापाचपर्यंत थांबा, पाणी किती चढतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आपण एक वाजता निघालात. जाताना म्हणालात, हायड्रा क्रेन आणायची होती. सर, आमच्या वर्कशॉपपर्यंत येणारी वाट दोन्ही बाजूंच्या सुपारीच्या बागांमधून येते, तिथून छोटा टेम्पो कसाबसा निघतो. हायड्रा आली असती तरी खाडीच्या कडेला तिची चाकं रुतली असती.

संध्याकाळी सव्वापाचला मी स्लिपवेच्या टोकाला फुटांच्या खुणा केलेला बांबू उभा केला. तीन फूट एक इंच ओला झाला. त्याचा फोटो आपल्याला पाठवला. आपण तो पाहिलात हे मला दिसलं, उत्तर आलं नाही. पुढच्या शनिवारी, चतुर्दशीला, सकाळी साडेदहाच्या भरतीला आपली बोट सोडली, ती ट्रॉलीवरून एवढी अलगद उठली की दोर धरलेल्या पोराला ओढावंही लागलं नाही. द्वितीया ते चतुर्दशी, ते हे बारा दिवस. वडील मचवे बांधायचे, त्यांच्या हयातीत एकही मचवा भांगाला पाण्यात गेला नाही. वेळेची किंमत नसती तर आम्ही रोज पंचांग कशाला बघितलं असतं?

तारांबद्दल. आपण लिहिलंत की आम्ही लपवलं. बोट घेताना दिलेल्या कागदावर तिसरी ओळ आहे, ‘डोलकाठीच्या तारा अकरा वर्षं जुन्या, पुढच्या पावसाळ्याआधी बदलाव्यात.’ आपल्यासमोर मी तारेवरून कापसाचा बोळा खाली ओढत नेला होता. खालच्या टोकाला, तार नळीत बसते तिथेच, कापसाचे धागे अडकले, तिथे एक बारीक पीळ तुटलेला होता. आपण बोट लावायला गेलात तेव्हा मी हात धरला, टोचेल म्हणून. तुटतं ते बहुतेक वेळा खालीच, कारण तिथल्या नळीत खारं पाणी साचून राहतं. म्हणूनच चार लाख साठ हजार सांगितलेली बोट चार लाख पस्तीसला दिली. ते पंचवीस हजार तारांसाठी सोडले होते. आताचे अडतीस हजार हे नव्या तारा, त्यांची टोकं आणि ताण देणारे टर्नबकल मिळून आहेत, त्यात माझी मजुरी चार हजार. एका बाजूची तार वाऱ्यात तुटली तर डोलकाठी पडते, आणि आपण मुलांना घेऊन जाता.

इंजिनात तीन आठवडे जुनं पेट्रोल होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि टाकीचं झाकण आपण ढिलं ठेवलं होतं. पेट्रोल ताजं ठेवा, झाकण घट्ट लावा, फिरून आल्यावर पाच मिनिटं गोड्या पाण्यावर इंजिन चालवा, वर उचलून ठेवा, एवढं दर वेळी केलं तर ते सहसा बंद पडणार नाही.

जुनी बोट घ्यायला आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी चहाच्या आधी सांगतो की किमतीच्या दहाव्या हिश्शाइतका खर्च दरवर्षी बाजूला काढा. शिडं उन्हाने जातात, आधी शिवण उसवते, मग कापड. पावसाळ्याआधी बोट वर काढावीच लागते. डेकवर लाकडी हातोडीने टकटक करत फिरा, आवाज बद्द आला तर डेकच्या आतला भराव ओला आहे. आपल्या बोटीवर आपण स्वतः तासभर ठोकत फिरलात, एकही जागा बद्द निघाली नाही. ती बोट चांगली आहे सर. ती विकताना मला वाईट वाटलं होतं, हे आपल्याला मी तेव्हाही म्हणालो होतो.

यापुढे पावतीवर तारखेसोबत तिथी आणि भरतीची वेळ लिहून देऊ. फोन उचलण्याचंही काहीतरी करतो, कामात असलो की वाजलेला कळत नाही. क्लिपांसारख्या गोष्टी बोट सोडण्याआधी दुसऱ्या माणसाने तपासाव्या असं ठरवतो आहे.

स्टार वाढवा असं म्हणत नाही. फक्त ते कोकणातल्या माणसाबद्दलचं वाक्य काढता आलं तर बघा, माझी मुलगी तो रिव्ह्यू वाचून दोन दिवस बोलली नाही. आणि तारा बदलेपर्यंत जोराच्या वाऱ्यात मोठं शीड चढवू नका. होळीच्या पौर्णिमेच्या उधाणाला बोट आणलीत तर दोन दिवसांत काम करून त्याच उधाणात परत सोडतो. त्रयोदशीला सकाळी पावणेदहाच्या भरतीला खाडीच्या तोंडाशी या, मी होडी घेऊन पुढे येतो.

आपला,
वर्कशॉपचालक, रेवदंडा