विकी मार्कअपचे प्रमाणीकरण : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

मराठी विकिपीडियावर लिहिणारे हात कमी का, या प्रश्नाला एक तयार उत्तर सध्या बरेच फिरते आहे. त्याचा गोषवारा असा: विकी मार्कअप, म्हणजे मथळा, ठळक अक्षर, दुवा वगैरेंसाठी मजकुरात टाकायच्या खुणा, जुनाट आणि किचकट आहे, बाकीच्या जगाने मार्कडाउन ही दुसरी खुणांची पद्धत एकच प्रमाण म्हणून स्वीकारली, विकीवाल्यांनी मात्र प्रमाणीकरण कधी मनावरच घेतले नाही, आणि खुणा न दाखवता पान दिसते तसेच संपादू देणारा व्हिज्युअल एडिटर आल्यापासून या खुणा शिकणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. यातल्या प्रत्येक विधानात थोडे तथ्य असल्यामुळे ते पटकन पटते, परंतु एकेक विधान तपासले तर निष्कर्ष टिकत नाही.

प्रमाणीकरण कोणी मनावर घेतले नाही, हे विधान सरळ चुकीचे आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 मध्ये पहिली विकी, म्हणजे वाचकांनाच संपादता येणारे संकेतस्थळ, सुरू केल्यानंतर ज्याने त्याने आपापले सॉफ्टवेअर लिहिले आणि खुणांची बजबजपुरी माजली, हे खरे आहे. ठळक अक्षरासाठी मीडियाविकीत, म्हणजे विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरमध्ये, तीन एकेरी अवतरणचिन्हे लागतात, डोकुविकी या दुसऱ्या विकी सॉफ्टवेअरमध्ये दोन तारांकने, तर टेक्स्टाइल पद्धतीत एकच. मथळ्यांच्या बाबतीत तर डोकुविकीत बरोबरची चिन्हे जितकी जास्त तितका मथळा मोठा, आणि मीडियाविकीत नेमके उलटे. हा गोंधळ मिटवण्यासाठी 2006 साली डेन्मार्कमधील ओडेन्से येथे झालेल्या विकिसिम या विकीविषयक परिषदेत वेगवेगळ्या विकींचे लोक एकत्र बसले आणि 4 जुलै 2007 रोजी ‘क्रिओल 1.0’ ही सामाईक खुणांची संहिता प्रसिद्ध झाली. अनेक विकी इंजिनांनी ती थेट किंवा जोडसॉफ्टवेअरच्या रूपाने स्वीकारली, आणि त्यांपैकी एक्सविकीने आपली पुढची मांडणीच तिच्या आधारावर बेतली. मीडियाविकीच्या गाभ्यात मात्र तिला जागा मिळाली नाही.

यावर दाव्याचे समर्थक म्हणतील की हाच तो हटवादीपणा. तो काही प्रमाणात असेलही, पण अडचण खरी होती. क्रिओलमध्ये तिरक्या अक्षरांसाठी दोन तिरप्या रेषा आहेत आणि त्याच दोन रेषा प्रत्येक वेबपत्त्यातही असतात. ठळक अक्षरांची दोन तारांकने यादीच्या दुसऱ्या पातळीचीही खूण आहेत. म्हणून संहितेला या दोन्ही ठिकाणी अपवाद सांगावे लागले. त्याहून मोठा प्रश्न आधीच लिहून झालेल्या पानांचा होता. मीडियाविकीच्या मजकुराचे काटेकोर व्याकरण कधी लिहिलेच गेले नव्हते. प्रत्यक्ष सॉफ्टवेअर जे करते तेच व्याकरण, अशी स्थिती होती, आणि लेखकांनी त्या सॉफ्टवेअरच्या खोडीही गृहीत धरून साचे, म्हणजे अनेक पानांवर पुन्हा वापरायचे मजकुराचे तुकडे, रचले होते. असा मजकूर नव्या खुणांत यंत्राने बदलताना काय मोडेल, हे आधी सांगता येत नाही. कंपन्यांत वापरल्या जाणाऱ्या कॉन्फ्लुएन्स या विकी सॉफ्टवेअरने 2011 मध्ये, आवृत्ती 4.0 मध्ये, मार्कअपचा संपादक काढून टाकला, हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण तिथे एका कंपनीचा निर्णय पुरेसा होता, शेकडो भाषांतल्या स्वयंसेवकांची संमती मिळवायची नव्हती.

मार्कडाउनने एकच प्रमाण आणले, हे विधान त्याहून कच्चे आहे. मार्कडाउनचे कर्ते जॉन ग्रुबर यांनी 2004 मध्ये दिलेले वर्णन इतके सैल होते की तोच मजकूर निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा दिसू लागला, आणि 2014 मध्ये जॉन मॅकफार्लेन, जेफ अ‍ॅटवुड प्रभृतींना नेमकी संहिता लिहावी लागली. तिचे आधीचे नाव ‘स्टँडर्ड मार्कडाउन’ होते. ग्रुबर यांनी हरकत घेतल्यावर ते ‘कॉमनमार्क’ झाले. या कॉमनमार्कमध्ये तक्ते नाहीत, म्हणून प्रोग्रामरांच्या गिटहब या संकेतस्थळाने आपली विस्तारित संहिता काढली. 2016 मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत मार्कडाउनची नोंद झाली तेव्हा ‘कोणता प्रकार’ हे सांगण्याची सोय सोबत द्यावी लागली. ज्याला प्रकार सांगावा लागतो त्याला एकमेव प्रमाण कसे म्हणावे?

मुळात शिकणाऱ्याचा वेळ या चिन्हांत जातो, हे गृहीतकच मला मान्य नाही. मथळा, ठळक अक्षर, यादी आणि दुवा एवढ्या चार गोष्टी कोणत्याही पद्धतीत एका बैठकीत हाती येतात. वेळ जातो तो साच्यांत, संदर्भ देण्याच्या रीतीत, वर्गीकरणात आणि चित्राच्या परवान्यात. महिरपी कंसांत ‘साचा’ बोलावणे सोपे आहे; त्या साच्याला कोणते घटक लागतात आणि त्यांची नावे काय, हे त्या त्या विकीनेच ठरवलेले असते, आणि क्रिओल किंवा कॉमनमार्क यांचा त्याच्याशी काही संबंध येत नाही.

व्हिज्युअल एडिटर उपयोगी आहे, हे निःसंकोच मान्य करतो. नव्या माणसाला मी तोच सुचवतो. इंग्रजी विकिपीडियावर जुलै 2013 मध्ये तो सर्वांसाठी सुरू झाला, सप्टेंबरमध्ये मागे घ्यावा लागला, आणि पुढे बराच सुधारला. परंतु त्याच्या पोटात पार्सोइड नावाचे सॉफ्टवेअर मार्कअपचे एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरला कळणारी वेबपानाची भाषा, करते आणि जतन करताना पुन्हा मार्कअपच लिहिते. त्यामुळे साचा दुरुस्त करायचा असेल, पानाच्या इतिहासातला फरक नीट वाचायचा असेल किंवा दोघांचे संपादन एकमेकांवर आदळले असेल, तर समोर खुणाच येतात. या खुणा ज्याला वाचता येत नाहीत तो लेख लिहू शकेल, पण बिघडलेला लेख सावरू शकणार नाही.

राहिला मराठीचा प्रश्न. पहिल्या विकीत शब्दाच्या मध्ये मोठे अक्षर घातले की दुवा तयार होत असे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरेच नाहीत, तेव्हा दुहेरी चौकोनी कंसांची पद्धत रूढ झाली नसती तर 1 मे 2003 रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची पंचाईत झाली असती. याच विकीवर चित्राच्या खुणेत ‘इवलेसे’ आणि ‘उजवे’ असे मराठी शब्द चालतात, आणि त्यांचे इंग्रजी पर्यायही चालतात. एवढी मोकळीक मार्कडाउन देत नाही. ‘[[मुंबई]]त’ असे लिहिले तर प्रत्यय आपोआप दुव्यात सामावतो; ‘पुणे’चे मात्र सामान्यरूप बदलत असल्याने ‘[[पुणे|पुण्यात]]’ असे लिहावे लागते, आणि ही उभी रेघ मराठी लेखकाला पावलोपावली लागते.

खरी अडचण इथे सुरू होते. देवनागरी कळफलकाच्या इनस्क्रिप्ट मांडणीत उभ्या रेघेच्या कळीवर ‘ऑ’ आहे, चौकोनी कंसांच्या जागी ‘ड’ आणि नुक्ता, महिरपी कंसांच्या जागी ‘ढ’ आणि ‘ञ’, अवतरणचिन्हाच्या जागी ‘ट’ आणि बरोबरच्या चिन्हाच्या जागी ‘ृ’. म्हणजे प्रत्येक दुव्यासाठी मांडणी बदला, कंस टाका, पुन्हा परत या. उद्या सर्वत्र क्रिओल लागू केली तरी तिरप्या रेषेच्या कळीवर ‘य’च उमटेल, आणि मार्कडाउन आणले तरी मथळ्याच्या चिन्हाची कळ जोडाक्षरातला ‘्र’ देईल. म्हणून संपादनपेटीच्या वरच्या पट्टीतली दुव्याची आणि ठळक अक्षराची बटणे वापरावीत, आणि विकिपीडियाची स्वतःची टंकलेखन सोय सुरू असेल तर कंट्रोल आणि एम या दोन कळा एकत्र दाबून ती क्षणभर बंद करावी व कंस टाकून झाल्यावर तशीच पुन्हा सुरू करावी.