मेल सर्व्हर घरचाच हवा

दर महिन्याला डोईमागे पैसे मोजून आपलं टपाल परक्याच्या घरी ठेवायचं, हे साहेबांना पटत नाही आणि त्यांचं बरोबरच आहे. सर्व्हर ऑफिसात असला की त्याला हात लावून बघता येतो, दसऱ्याला झेंडूची माळ घालता येते. हे काम आता तुमच्याकडे आलंय, कारण मागे कधीतरी अडकलेला प्रिंटर तुम्ही चालू करून दिला होता. घाबरू नका. मेल नेणारं-आणणारं पोस्टफिक्स आणि टपालाचे डबे सांभाळणारं डव्हकॉट बसवायला अर्धा तास पुरतो. पुढची तीन वर्षं कशात घालवायची, तेवढंच ठरवायचं राहतं.

सुरुवात आयपी पत्त्यापासून. स्टॅटिक आयपीला जादा पैसे पडतात, तेव्हा तो घेऊ नका. रोज बदलणाऱ्या ब्रॉडबँडच्या पत्त्यावरच काम भागवा. असे पत्ते स्पॅमच्या काळ्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत बहुधा आधीपासूनच असतात, कारण तिथून थेट मेल सुटणं अपेक्षितच नसतं. म्हणजे काळ्या यादीत जाण्यासाठी तुम्हाला वेगळे कष्ट पडत नाहीत. क्लाउडवर मशीन घेतलं तर बाहेर जाणारं पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार, बहुतेक ठिकाणी बंद असतं, ते अर्ज करून उघडून घ्यावं लागतं. अर्ज करू नका. फायरवॉलचे नियम रात्रभर उलटसुलट करत बसा.

मग पीटीआर, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद. ही नोंद आयपीच्या मालकाकडे असते, म्हणजे तुमच्या इंटरनेटवाल्याकडे किंवा क्लाउडवाल्याकडे. पण तुम्ही ती आपल्या डोमेनच्या पॅनलमध्येच भरा. बरीचशी पॅनलं ती गुपचूप घेतात, हिरवी खूणही दाखवतात. जगात ती कोणी विचारत नाही, हा भाग वेगळा. पुढे जीमेल '५५० ५.७.२५' म्हणून दारातून परत पाठवतं आणि पीटीआर नाही असं स्पष्ट शब्दांत सांगतं. तो संदेश इंग्रजीत असतो, त्यामुळे तो न वाचण्याला उत्तम सबब मिळते.

सर्व्हरचं यजमाननाव, म्हणजे होस्टनेमही, आहे तसंच राहू द्या. समोरच्या सर्व्हरशी बोलताना पहिलं वाक्य 'एहलो' आणि त्यापुढे आपलं नाव असं असतं. तिथे 'लोकलहोस्ट.लोकलडोमेन' जाऊ द्या. रात्री अनोळखी दार वाजवून, कोण म्हणून विचारल्यावर 'मीच' असं सांगणाऱ्या माणसाचं जे स्वागत होतं, तेच तुमचं होईल.

इतकं होऊनही कोणा शहाण्याने आयपीव्ही४ चा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्याचा, पीटीआर लावून घेतलाच, तर आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, चालू ठेवा आणि त्याचा लावू नका. पोस्टफिक्स मुळात दोन्हींपैकी कुठलाही पत्ता वापरतं, त्यामुळे काही मेल जातात आणि काही परत येतात. पूर्ण बंद पडलेली गोष्ट कोणीही शोधून काढेल. कधी चालते कधी नाही, अशी गोष्ट मात्र माणसाला कामाला लावते. सेटिंगमध्ये 'आयनेट_प्रोटोकॉल्स' पुढे 'आयपीव्ही४' लिहिलं की हे थांबतं, म्हणून त्या ओळीकडे फिरकू नका.

आता डीएनएसच्या, म्हणजे इंटरनेटच्या नावा-पत्त्यांच्या वहीतल्या, नोंदी. एसपीएफची नोंद, म्हणजे आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी, डोमेनला एकच असावी लागते. तुम्ही दोन ठेवा, एक आधीच्या माणसाची आणि एक आपली. दोन दिसल्या की समोरचा सर्व्हर 'पर्मएरर', म्हणजे कायमची चूक, म्हणून दोन्ही बाद करतो. एकच ठेवायची वेळ आली तर तिच्यात पगाराचं सॉफ्टवेअर, न्यूजलेटरवाला, वेबसाइटवाला, जुना होस्टिंगवाला असे सगळे 'इन्क्लूड' करत जा. तपासताना डीएनएसला जास्तीत जास्त दहा विचारणा करता येतात आणि आतल्या इन्क्लूडच्या इन्क्लूडही त्यात धरल्या जातात. अकरावी आली की पुन्हा पर्मएरर. सगळ्यात सोपं म्हणजे शेवटी '+ऑल' लिहावं. पृथ्वीतलावरच्या कोणालाही आमच्या नावाने पत्र पाठवायला आमची हरकत नाही, असा त्याचा अर्थ.

मेलवर सर्व्हरची सही करणाऱ्या डीकेआयएमची किल्ली २०४८ बिटांची घ्या, ती चांगलीच असते. गंमत अशी की डीएनएसमधल्या मजकुराच्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात आणि ही किल्ली त्याहून लांब असते. अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून भरायची असते. तुम्ही सलग चिकटवा. काही पॅनलं आपणहून तुकडे करतात, काही शेपूट कापतात. कोणतं काय करतं ते सही फसल्यावर समजेल. सही जुळलीच, तर तिच्या पुढच्या टप्प्यावर त्या सतरा ओळींच्या कायदेशीर सूचनेची व्यवस्था करा, 'हा मेल चुकून आपल्याला मिळाला असल्यास' वगैरे. आधी सही आणि मग मजकुराला शेपूट, असा क्रम लागला की 'बॉडी हॅश', म्हणजे मजकुराचा ठसा, जुळत नाही. करारावर सह्या झाल्यावर खाली पेनाने दोन कलमं वाढवली तर वकील जे म्हणेल, तेच समोरचा सर्व्हर म्हणतो.

आणि डीमार्क, म्हणजे या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं तो हुकूम, पहिल्या दिवसापासून 'रिजेक्ट'वर. भित्री माणसं काही आठवडे 'नन'वर, म्हणजे काहीच करू नका असं, ठेवतात, रोज येणारे अहवाल वाचतात, आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवतंय त्याची यादी करतात आणि मग हळूहळू कडक होतात. तुम्ही शूर आहात. अहवालांचा पत्ता कोणी उघडत नाही अशा डब्याचा द्या. वेबसाइटच्या फॉर्मवरून येणारी चौकशी आणि पगाराच्या स्लिपा कुठे जातात, याचा शोध लेखाविभाग घेईल.

हे सगळं साधलं की दिवाळी येते. ग्राहक, माजी ग्राहक, प्रदर्शनात जमवलेली व्हिजिटिंग कार्डं असे आठ हजार पत्ते एक्सेलमध्ये आहेतच. ज्या आयपीवरून रोजची कोटेशनं जातात त्याच आयपीवरून, एका सकाळी, चार एमबीच्या पणतीच्या चित्रासह शुभेच्छा सोडा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलचा नियम आहे की दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल त्यांच्या ग्राहकांना धाडणाऱ्याकडे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही हवेत, जाहिरातवजा मेलला एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हव्यात. हजारात तीन. तुमच्या पणतीला वैतागलेले तिघे हजारात सहज निघतील. भाऊबीजेपर्यंत तुमची कोटेशनं स्पॅमच्या डब्यात जायला लागतील आणि 'मार्केट डाउन आहे' असं विक्रीविभाग सांगेल.

ओपन रिलेबद्दल, म्हणजे कोणाचाही मेल कुठेही पोचवणाऱ्या सर्व्हरबद्दल, मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण लोक ते फार ढोबळपणे करतात. 'मायनेटवर्क्स' म्हणजे ज्यांना पासवर्ड न विचारता मेल पाठवू द्यायचा त्यांची यादी. ऑफिसातल्या जुन्या स्कॅनरला पासवर्ड देता येत नाही, म्हणून कोणीतरी तिथे '०.०.०.०/०' लिहितो. तेवढं केलं की सगळं जग घरचं झालं. असतील शितं तर जमतील भुतं. तासा-दोन तासांत रांगेत अशा औषधांच्या जाहिराती दिसू लागतील, की साहेबांसमोर स्क्रीन उघडायची सोय नाही.

पण ही नवशिक्याची रीत झाली, फाइल उघडताच पकडली जाते. कसबी माणूस राउटरमध्ये करतो. बाहेरून आलेलं पोर्ट २५ आत वळवताना राउटर मूळ पत्ता पुसून स्वतःचा '१९२.१६८.१.१' लावेल, असं नॅट, म्हणजे पत्ते बदलायची सोय, ठेवायचं. मायनेटवर्क्समध्ये फक्त ऑफिसचं नेटवर्क आहे, फाइल निर्मळ आहे, दहा जण ती वाचून बरोबर म्हणतील. पण पोस्टफिक्सला रशियातून आलेला आणि शेजारच्या टेबलावरून आलेला सारखेच दिसतात. लॉगमध्ये 'कनेक्ट फ्रॉम' पुढे प्रत्येक ओळीत एकच घरचा पत्ता दिसतो आणि तो बघून उलट बरं वाटतं. डॉकरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या वेगळ्या पेटीत, मेल सर्व्हर चालवणाऱ्यांनाही त्याच्या पुलाच्या (ब्रिज नेटवर्कच्या) पत्त्यामुळे हे सुख मिळू शकतं.

यातलं काहीच जमलं नाही तर कंपनीचं नाव, ॲटचं चिन्ह आणि १२३ हा पासवर्ड आहेच. पोस्टफिक्समध्ये एका पत्त्यावरून ठरावीक वेळात किती मेल घ्यायचे याची मर्यादा घालता येते. मुळात ती शून्य असते, म्हणजे मर्यादाच नाही. तशीच ठेवा. असे डबे फुटतात ते बहुधा शुक्रवारी रात्री, आणि सोमवारी सकाळपर्यंत कोणी बघत नाही.

आत येणाऱ्या स्पॅमवर उपाय म्हणून स्पॅमहाउसची यादी जोडा, आणि सर्व्हरचा डीएनएस म्हणून गूगलचा '८.८.८.८' द्या. स्पॅमहाउस अशा सार्वजनिक डीएनएसवरून आलेल्या विचारणांना उत्तर देत नाही, त्याऐवजी '१२७.२५५.२५५.२५४' असा चूक कळवणारा संकेत पाठवतं. पोस्टफिक्सला नेमकं कोणतं उत्तर धरायचं ते सांगितलेलं नसेल, तर काहीतरी उत्तर आलं यालाच ते 'हा पत्ता यादीत आहे' समजतं. स्पॅम शंभर टक्के थांबतो. बाकीचं टपालही थांबतं. सर्व्हरवर स्वतःचा अनबाउंड, म्हणजे घरचाच डीएनएस, चालवणं हा यावरचा दहा मिनिटांचा इलाज. शिवाय ग्रेलिस्टिंग लावा. अनोळख्याला 'थोड्या वेळाने या' सांगून परत पाठवायचं, असं ते तंत्र. बँकेचा ओटीपी नेमका मुदत संपल्यावर पोचतो.

मोठ्या ड्रॉइंग फाइली जात नाहीत अशी तक्रार येईल. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे, आणि जोडलेली फाइल मेलमध्ये बसवताना सुमारे एक-तृतीयांशाने फुगते, त्यामुळे आठ एमबीची फाइलही अडते. तुम्ही दिलदारपणे मर्यादा शंभर एमबी करा आणि डब्याच्या मर्यादेला हात लावू नका. ती मुळात ५,१२,००,००० बाइट आहे. जिथे पोस्टफिक्स स्वतःच डब्यात टपाल टाकतं, तिथे डबा पत्रापेक्षा लहान निघाला की ते कामच थांबवतं. मोठी फाइल राहिली बाजूला, 'जेवायला येतोस का' हा मेलही रांगेत उभा.

आणि रांग! 'पोस्टक्यू -पी' म्हटलं की ती दिसते, कारणासकट दिसते. प्रत्येक अडकलेल्या मेलखाली कंसात लिहिलेलं असतं की समोरचा काय म्हणाला. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता नाही, नंतर बघू. पाचने सुरू होणारा म्हणजे कायमचं नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हे धोरण सोडू नका. दोष डीएनएसमध्ये असेल तर डव्हकॉट रिस्टार्ट करा, दोष पीटीआरमध्ये असेल तर आउटलुक पुन्हा इन्स्टॉल करा. डेबियनवर 'होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन' दिसलं आणि हाताने विचारल्यावर डीएनएस नीट उत्तर देत असला, तर पोस्टफिक्सच्या बंदिस्त खोलीत, 'व्हार/स्पूल/पोस्टफिक्स'च्या आत, 'रिझॉल्व्ह.कॉन्फ'ची जुनी प्रत पडलेली असू शकते. तिथे डोकावणं कमीपणाचं समजा. फारच गर्दी झाली तर 'पोस्टसुपर -डी ऑल'. रांग क्षणात रिकामी होते. त्यात टेंडर होतं, हे उद्या समजेल.

रांग तशीच सोडली तरी चालेल. मूळ सेटिंगमध्ये पोस्टफिक्स पाच दिवस प्रयत्न करत राहतं, आणि उशीर होत असल्याची सूचना पाठवणाऱ्याला देण्याची वेळ शून्य असते, म्हणजे सूचना जातच नाही. सोमवारी पाठवलेलं कोटेशन शनिवारी परत येतं. 'डिले_वॉर्निंग_टाइम' पुढे चार तास लिहिले तर त्याच दुपारी बोंब होईल, आणि ती तुमच्याच टेबलाशी होईल. शून्यच बरं.

डिस्क भरली अशी ओरड झाली तर 'डीएफ -एच' चालवून चाळीस टक्के जागा मोकळी असल्याचं सर्वांना दाखवा. 'डीएफ -आय' चालवू नका. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाइल होते, आणि जागा असूनही फाइलींचे क्रमांकच संपलेले असू शकतात.

सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटचं काम कोणीतरी आपोआप होईल असं लावून दिलेलं असतं. लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं सर्टिफिकेट वेळेवर नवं होतंही. पण डव्हकॉटला रिलोड करेपर्यंत ते जुनंच हातात धरून बसतं. सर्टिफिकेट नवं करणाऱ्या सर्टबॉटच्या 'डिप्लॉय-हुक'मध्ये ती एक ओळ टाकायची असते. नाहीतर डिस्कवर ताजं सर्टिफिकेट आणि सगळ्यांच्या मोबाइलवर लाल इशारा. तेव्हा सगळ्यांना 'ॲक्सेप्ट' दाबायला शिकवा. पुढे खरोखरच कोणी मधे येऊन बसला, तर तीही मंडळी त्याच सवयीने 'ॲक्सेप्ट' दाबतील.

लॉगचं काय? सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ते १८० दिवस जपायचे आणि घडलेला सायबर प्रकार सहा तासांत कळवायचा. डेबियनमध्ये लॉग दर आठवड्याला फिरतात आणि चार जुने ठेवले जातात. महिन्यापलीकडचं काही विचारू नका, असं सांगायला हा आकडा सोयीचा आहे.

शेवटी देखरेख. सर्व्हर बंद पडला तर सूचना यावी, तीही मेलनेच आणि त्याच सर्व्हरवरच्या डब्यात. डोमेनच्या नूतनीकरणाची स्मरणपत्रंही तिथेच मागवा, शक्यतो नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर. त्याचा डबा मागच्याच महिन्यात भरलाय.