लागेल कधीतरी

वस्तूंची ओढ असण्यात गैर काही आहे, असं मला अजिबात वाटत नाही. लहानपणापासून थोरल्या भावंडांचे कपडे वापरलेल्या पोराने पहिल्या पगारातून स्वतःसाठी नवाकोरा शर्ट घेतला, तर तो आनंद खराच असतो. कपाटं भरून वाहणाऱ्यांनी त्याला अपरिग्रहाचे डोस पाजू नयेत. फार संताप येतो अशा वेळी.

काळजी वाटते ती पुढची. गरज भागते, तरी हात थांबत नाही.

कारण एक वस्तू एकटी येत नाही. दनी दिदरो या फ्रेंच विचारवंताने १७६९ मध्ये यावर एक निबंध लिहिला. त्याच्या अंगावर भारीतला नवा झगा आला आणि त्यापुढे खोलीतलं बाकी सामान त्याला कळकट दिसायला लागलं. मग साधी गवती खुर्ची जाऊन चामड्याची आली, जुन्या टेबलाजागी उंची मेज आलं. आपलं वेगळं काय होतं? सोफा बदलला की पडदे डोळ्यांत खुपतात, पडदे बदलले की भिंतीचा रंग.

आणि आलेलं जात नाही, हे त्याहून अवघड. कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले होते; ते त्यांनी विकायचे आणि बाकीच्यांनी विकत घ्यायचे. तो मग नुकताच हातात आलेला, त्याच्याशी कसली आठवण जोडलेली नाही. तरी विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणारे द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट निघाली. ‘माझं’ म्हटलं की भाव चढतो, तो असा.

माळ्यावर चढून बघा. मोबाईलचे रिकामे खोके, आतल्या पुठ्ठ्याच्या कप्प्यांसकट जपलेले. कधीच बंद पडलेल्या फोनचे चार्जर, वायरींचा गुंता. कशाला हात लावला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, “राहू दे, लागेल कधीतरी.”

खोक्यांचं सोडा, त्यांनी कुणाचं काही अडत नाही. पण त्याच माळ्यावर धडधाकट स्वेटर, पांघरुणं, शाळेची दप्तरंही वर्षानुवर्षं पडून असतात, हे मला खरंच सहन होत नाही. ती आज कुणाच्या तरी उपयोगाची आहेत. आपण ती बाहेर काढतो कसर लागल्यावर, चेन गंजल्यावर. मग गाठोडं बांधून देऊन टाकतो, आणि घेणाऱ्याला आधी रफू करत बसावं लागतं.