‘रंग’ म्हणजे फक्त डोळ्यांना दिसतो तो?

धुळवडीच्या निमित्ताने एक मजकूर नागपुरातल्या वाचकमंडळींमध्ये मोबाइलवरून फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : ‘रंग’ हा मुळात फारसी शब्द, त्याचा खरा अर्थ एकच, डोळ्यांना दिसतो तो, रंगभूमी हे नाव रंगवलेल्या पडद्यांवरून पडलं, ‘नारिंगी’तही तोच रंग, आणि संतकवींनी हा शब्द जागोजागी वापरला तो मराठीत शब्द तोकडे होते म्हणून. मराठी शिकवणारी माणसंही हे पुढे पाठवताहेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

फारसीत ‘रंग’ आहे हे खरं. पण फारसी आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, म्हणून सारखे शब्द दोन्हीकडे सापडतात. त्यावरून उसनवारी ठरत नाही. संस्कृतात ‘रञ्ज्’ धातू आहे. रंग, रंजन, अनुराग, विरक्त हे सगळे त्याचेच. मराठीत संतापासाठी वापरतो तो ‘राग’ही त्यातलाच. म्हणजे रंग चढणं आणि मन जडणं हे दोन्ही अर्थ धातूतच आहेत. कवींनी ते मागाहून चिकटवलेले नाहीत.

रंगभूमीचं तर आणखी सोपं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यगृहाची रचना सांगताना रंगपीठ आणि रंगशीर्ष येतात, आणि नाटकाआधीच्या विधींना पूर्वरंग म्हटलेलं आहे. तिथे ‘रंग’ म्हणजे खेळाची, प्रयोगाची जागा. कुस्तीच्या आखाड्यालाही संस्कृतात रंगच म्हणत. जुन्या देवळांत गाभाऱ्यापुढे रंगमंडप असतो, तो काही रंगवलेला म्हणून नव्हे. नारदीय कीर्तनात आजही निरूपणाचा पूर्वरंग आणि आख्यानाचा उत्तररंग असतो. कीर्तनकाराच्या मागे पडदा कुठे असतो? नागपूरच्या धनवटे रंगमंदिराच्या नावातला रंगही हाच.

नारिंगीचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. संस्कृतात ‘नारङ्ग’ हे फळाचं नाव आहे, त्याचं मूळ अभ्यासक द्राविड भाषांमध्ये शोधतात, आणि फळावरून छटेला नाव मिळालं. ‘रंग’ शब्दाशी त्याचा संबंध नाही.

आता संतांकडे. मला खरा आक्षेप आहे तो इथे. नामदेव म्हणतात, ‘नाचू कीर्तनाचे रंगी’. या ‘रंगी’त कीर्तनाची जागा आहे आणि कीर्तनात हरवून जाणंही आहे. नाचायला जागा लागते, आणि नुसत्या जागेने कुणी नाचत नाही. दोन्ही अर्थ एका शब्दात एकदम हवेत म्हणूनच तो शब्द तिथे आला.

चोखोबा विचारतात, ‘काय भुललासी वरलिया रंगा’. इथे रंग म्हणजे वरवरचं रूप. ऊस वाकडा दिसला तरी रस वाकडा नसतो, तेव्हा बाहेरून माणूस मोजू नका. आणि त्याच घरात सोयराबाई, चोखोबांची पत्नी, म्हणतात, ‘अवघा रंग एक झाला, रंगी रंगला श्रीरंग’. नवऱ्याच्या अभंगात जो शब्द सगळ्यात बाहेरचा, तो बायकोच्या अभंगात सगळ्यात आतला. शब्दांची चणचण असलेली माणसं असं लिहीत नाहीत.

किशोरी आमोणकरांमुळे सोयराबाईंचा अभंग घराघरात पोचला, पण अनेकांना त्याचं धृपदच आठवतं. पुढे वाचा. ‘मी तूंपण गेले वाया’, ‘नाही भेदाचे ते काम’, आणि शेवटी ‘पाहते पाहणे गेले दुरी’. पाहणारी आणि पाहणं दोन्ही दूर गेल्यावर एक झालेला हा रंग डोळ्यांना दिसणारा कसा असेल? मजकुराच्या लेखकाने ठरवलेला ‘एकमेव खरा अर्थ’ या अभंगानेच बाद केला आहे. शिवाय ‘वर्ण’ या शब्दात रंगही आहे आणि जन्माने चिकटवलेली पायरीही. भणितेत, म्हणजे अभंगाच्या शेवटच्या नाममुद्रेत, स्वतःचा उल्लेख ‘चोखियाची महारी’ असा करणारी बाई ‘अवघा रंग एक’ म्हणते, तेव्हा मला त्यात या पायरीचं मोडणंही ऐकू येतं. दीक्षाभूमीच्या शहरात तरी हा अभंग पिचकारीच्या चित्राखाली छापून पाठवू नये असं मला मनापासून वाटतं.

मजकुरात सुरेश भटांनाही ओढलं आहे. त्यांनी म्हणे नुसती शब्दांची पुनरुक्ती केली. भट अमरावतीचे, पुढे नागपूरकर झाले, २००३ साली इथेच गेले; रेशीमबागेतलं सभागृह त्यांच्या नावाचं आहे. ‘रंग माझा वेगळा’ हा त्यांचा १९७४ चा संग्रह. ‘रंगुनी रंगांत साऱ्या रंग माझा वेगळा’ या ओळीत एकच अर्थ धरून पाहा : सगळ्या रंगांत मिसळल्यावर कुठलाही रंग वेगळा उरत नाही, म्हणजे ओळ खोटी ठरते. पण ‘रंगुनी’ म्हणजे समरस होऊन, ‘रंगांत’ म्हणजे आयुष्याच्या मैफिलींत, आणि शेवटचा ‘रंग’ म्हणजे स्वभावाचा पीळ असं वाचलं की ती उभी राहते. पुढच्याच ओळीत, गुंत्यात गुंतूनही पाय मोकळा असल्याचं सांगून, भटांनी तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत मांडली आहे.