दहापैकी अडीच

मला दहापैकी अडीच मिळाले. परीक्षा आहे हे आधी कळलं असतं तर निदान नीट बसलो तरी असतो.

ऑफिसातल्या दोन्ही मीटिंग रूम भरलेल्या, म्हणून टीममधल्या नव्या पोराला घेऊन खालच्या अमृततुल्यात गेलो. सदाशिव पेठेतल्या एका बाईंना आर-ओ, म्हणजे पाण्याचा फिल्टर, विकायला त्याने केलेल्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि मी फीडबॅक द्यायचा. तो सँडविचसारखा द्यावा असं आम्हाला शिकवलंय. वर कौतुक, मध्ये चूक, खाली पुन्हा कौतुक. "आवाज छान आहे तुझा. फक्त समोरच्याला बोलू दे रे. 'शुद्ध पाणी हवंय ना?' विचारलंस की माणूस 'हो' म्हणून मोकळा. 'सध्या पाण्याचं काय करता?' असं विचार. आणि किंमत सांगितली की गप्प बस, लगेच डिस्काउंट काढू नकोस. बाकी सुरुवात झकास."

शेजारच्या बाकावरचं वर्तमानपत्र खाली आलं. मागून एक काका निघाले.

"अहो साहेब, ते परत लावा जरा."

लावलं. का लावलं, देव जाणे. काकांनी बशीतला चहा संपवला, खिशातून बोटभर पेन्सिल काढली आणि अग्रलेखाच्या कडेला उभ्या रेघा मारत सगळं ऐकलं.

"फोन कितीचा?"

"दुपारी दोनचा."

"पेठेत? दोनला?"

"वेळ गुरुग्रामच्या हेड ऑफिसातून ठरून येते, काका."

"मग गुरुग्रामलाच करा. आणि पेठेत नळाला पाणी कुठलं? खडकवासल्याचं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 500 च्या वर गेला तर आर-ओ. बोअर आणि टँकरवाले सोडून या बाईंच्या मागे का लागलात? मुलाला चार. तुम्हाला अडीच."

"मला कशाबद्दल?"

"समोरच्याला बोलू द्या, हे सांगताना तुम्ही त्याला बोलू दिलंत का? तुमच्या रेघा मघाशीच मारून ठेवल्यात. या बाळाचं 'हो सर' सात वेळा, बाकी सगळे तुम्ही. आणि दोन्हीकडून पाव इतका जाड, की काकडी सापडेना."

पोरगं हसलं. महिन्यात पहिल्यांदाच. मग म्हणालं, "काका, टँकरचं पाणी येणारं तुमच्या ओळखीत कोणी?" आणि गप्प बसलं. चांगलं दहा सेकंद. काकांचा जावई वाघोलीला असतो. शनिवारी डेमो ठरला.

राग काकांचा नाही. (थोडा आहे.) कुणाला फोन करायचा त्या याद्या पत्ते बघून पाठवा, असा मेल मीच गुरुग्रामला चार महिन्यांपूर्वी केला होता. उत्तर आलं, "टीमच्या टोनवर काम करा." यादी चुकली की पोराचा आवाज तपासायचा, हा आमचा धंदा. फॉर्मात 'काय सुधारावं' या रकान्याखाली फक्त पोराचं नाव येतं, यादी करणाऱ्याचं नाही. 'आत्मविश्वास वाढवावा' लिहिलं आणि पाठवून दिलं.

चहाचे पैसे मीच दिले, काकांचेही. वर्तमानपत्राची घडी घालत ते म्हणाले, "सुटे दिलेत, हे बरं केलंत. पावणेतीन."